पांढऱ्या धोंड्यापासून खाली

मार्चमधल्या एका शनिवारी ऑफिसातल्या तिघांना घेऊन भिगवणला गेलो होतो. रोहित पक्षी बघायचे (म्हणजे फ्लेमिंगो. टीममधला रोहितही सोबत होता, त्यावरून दिवसभर जे पीजे झाले ते इथे लिहीत नाही), होडीत बसायचं, दुपारी मासे हाणायचे आणि अंधाराच्या आत परत हिंजवडी, असा टिपिकल प्लॅन. पहाटे साडेचारला निघालो, हायवेला चहा झाला, भिगवण मागे पडलं आणि मी मोठ्या रुबाबात जाहीर केलं, "आता इथून पुढे आपला एरिया." माझं घर बारामतीत आणि आजोळ इंदापूर तालुक्यात, भीमेच्या काठाला. त्यामुळे हा रुबाब आपल्याला शोभतो असा माझा समज.

वीस मिनिटांत समज उतरला. कुंभारगावला शनिवारी जत्रा असते म्हणून मी म्हटलं दुसरीकडून पाण्यावर जाऊ. फोनमधल्या नकाशाने उसाच्या फडांतून एक रस्ता दाखवला. रस्ता खरा होता, तक्रार नाही. फक्त शेवटी तो सरळ पाण्यात गेला. आधी सुकी खडी, मग ओली खडी, मग पाणी, आणि पाण्यात वीसेक फुटांवर बाभळीचं एक वाळकं खोड. त्याच्या टोकावर पाणकावळा पंख पसरून बसलेला. नकाशा सांगत होता, आठशे मीटर सरळ जा.

ज्या ठिकाणी गाडी वळत नाही तिथे चार इंजिनिअर गाडी कशी वळवतात हा वेगळा लेख होईल. ते झाल्यावर दुसरी वाट धरली, तर तिला तारेचं कुंपण आणि "खाजगी मालमत्ता, आत येऊ नये". शेवटी दुधाच्या किटल्या लावलेला एक मोटारसायकलवाला थांबला. "पाण्याकडं व्हय? मागं जावा. लिंबाखाली पांढरा धोंडा हाय, त्याच्यापासनं खाली."

त्या धोंड्यावरून आम्ही दोनदा गेलो होतो. गुडघ्याएवढा दगड, कधीतरी चुना फासलेला, वर शेंदराचा पुसट ठिपका. मला तो कुणाचा तरी म्हसोबा वाटला होता. असेलही. पण त्याच्या बाजूने बैलगाडी जाईल एवढी वाट खाली उतरत होती आणि पाच मिनिटांत आम्ही काठावर होतो. समोर पाणी, त्यात दोन पत्र्याच्या होड्या आणि लांब गुलाबी रेघ.

बाकीचे कॅमेरे काढून तिकडे पळाले. माझ्या डोक्यात मात्र तो धोंडाच बसला. ज्या माणसाने तो रंगवला त्याने एक चुन्याचा हात मारून जे काम केलं होतं ते फोनमधल्या नकाशाला जमलं नव्हतं.

आता ज्यांना उजनी म्हणजे फक्त पेपरातली टक्केवारी माहीत आहे त्यांच्यासाठी थोडं बॅकग्राऊंड. भीमेवरच्या या धरणाचं भूमिपूजन 1966 साली यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते झालं आणि 1980 च्या सुमारास धरण उभं राहिलं. भिंत सोलापूर जिल्ह्यात, पण पाठीमागचं पाणी इंदापूर, करमाळा, कर्जत, दौंड अशा तालुक्यांत शिरलं. आपण भिगवणचं बॅकवॉटर म्हणतो ते हेच. धरणात साधारण 117 टीएमसी पाणी मावतं, पण त्यातलं 63 टीएमसीच्या वरचं पाणी मृतसाठा म्हणून धरलं जातं. टक्केवारी मोजायची ती त्याच्या वरच्या साठ्याची. त्यामुळे पाणी मृतसाठ्यात उतरलं की पेपरात "उजनी उणे 20 टक्के" वगैरे छापून येतं. 2024 च्या उन्हाळ्यात हा आकडा उणे साठच्या घरात गेला होता. लहानपणी मला वाटायचं, शून्याच्या खाली पाणी म्हणजे जमिनीच्या आत गेलेलं पाणी. प्रोग्रॅमिंग शिकल्यावर कळलं की प्रॉब्लेम पाण्याचा नाही, शून्य कुठे ठेवलंय त्याचा आहे.

असो. मुद्दा असा की हा काठ चालता आहे. ऑक्टोबरमध्ये काठ उसाला टेकलेला असतो. मेमध्ये तोच काठ कुठल्या कुठे जातो आणि मध्ये भेगाळलेला गाळ, त्यावर गाळपेरीची शेती. (पाणी हटलेली ही सरकारी संपादनातली जमीन हंगामापुरती कसायला देतात, तिला गाळपेर म्हणतात.) समुद्राला भरती-ओहोटी दिवसातून दोनदा. उजनीला वर्षातून एकदा, पण अशी की एक अख्खं देऊळ आत-बाहेर होतं. पळसदेवचं पळसनाथाचं जुनं मंदिर माहीत असेल. खाली दगडी मंदिर, वर शिखर, आजूबाजूला वीरगळ. धरण झालं तेव्हा ते पाण्यात गेलं, देव वरच्या नव्या गावात आले. 2024 च्या मे महिन्यात पाणी इतकं उतरलं की लोक चालत मंदिरापर्यंत जाऊन आले. अशा काठाकडे जाणारी वाट म्हणजे एक टोक हलणारी रेघ. उपग्रहाचा फोटो ज्या दिवशी काढला त्या दिवशीचा काठ नकाशात कायमचा गोठतो. आमच्या भाषेत, व्हॅल्यू हार्डकोड केलेली. मग रस्ता पाण्यात नेणार नाही तर काय.

नदी असताना हा प्रश्न नव्हता, कारण घाट होता. घाट म्हटलं की आपल्याला काशी आठवते किंवा वाईचा मेणवली. लांब कशाला, इंदापूर तालुक्याच्या टोकाला नीरा नरसिंहपूरला जाऊन या. नीरा आणि भीमेचा संगम, काठावर उंच नरसिंहाचं मंदिर आणि तिथून पाण्यापर्यंत उतरत गेलेल्या पायऱ्या. घाट नुसता सुंदर म्हणून बांधत नसत. तो सांगतो की पाण्याकडे इथून जायचं, ही वाट सगळ्यांची आहे, आणि आज पाणी अमुक पायरीवर आहे. निरक्षर बाईसुद्धा पायरी मोजून सांगू शकायची की पूर चढतोय का उतरतोय. घाट म्हणजे वाट, पाटी आणि मोजपट्टी एकाच दगडात.

माझ्या आजोळच्या जुन्या गावालाही घाट होता. फार मोठा नव्हता. आज्जी म्हणते, सतरा पायऱ्या, त्यातली अकरावी फुटलेली. लग्न होऊन आली तेव्हा सासूने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, अकरावीवर पाय देऊ नको. गाव उठलं, वर माळावर नवी वस्ती झाली, शाळा आली, मारुती आला, चावडी आली. घाट काही आला नाही. पुनर्वसनाच्या यादीत घाट नसावा, आणि असता तरी बांधणार कुठे? काठच रोज वेगळा! जिथे नदी होती तिथे धरण आलं आणि पाणी दहापट झालं, पण पाण्यापर्यंत जायची सगळ्यांची अशी एक जागा उरली नाही. आता आहेत त्या वाटा. कुणाच्या उसातून, कुणाच्या बांधावरून, कुणाच्या मोटारीच्या पाइपलाइनच्या कडेने. माहीत असणाऱ्याला माहीत. आणि जमिनीला भाव आला, फार्महाऊस उभं राहिलं, कुंपण पडलं, की माहीत असणाऱ्यालाही बंद.

यावर कुणी म्हणेल, अरे मग तुम्हा वीकेंडवाल्यांची गैरसोय होते म्हणून हा लेख का? तसं असतं तर मी लिहिलं नसतं. आम्ही परत वळून हॉटेलात मासे खाल्ले असते, विषय संपला असता. पण काठ आमच्यासाठी पिकनिक असला तरी तिथल्यांसाठी रस्ता आहे. 21 मे 2024 ची बातमी अनेकांना आठवत असेल. करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे येणारी होडी संध्याकाळी अचानक सुटलेल्या वादळी वाऱ्यात उलटली. सात जण होते. एक जण पोहून काठाला लागला. सहा जण गेले, त्यात दोन लहान मुलं. मृतदेह सापडायला तिसरा दिवस उजाडला. पलीकडचं गाव डोळ्यांना दिसतं, रस्त्याने जायचं तर सगळ्या फुगवट्याला वळसा घालून. त्यामुळे लोक होडीनेच जातात, काही हौस म्हणून नाही. आता शिरसोडी ते कुगाव पुलाचं काम हाती घेतलंय, तो होईल तेव्हा होईल.

दगड रंगवून वादळ थांबत नसतं, हे मला कळतं. त्या संध्याकाळी रंगीत दगडांनी कुणी वाचलं असतं असा दावा मी करत नाही. पण एक साधी गोष्ट बघा. उद्या तिथे काही झालं आणि तुम्ही 112 ला फोन लावला, तर कुठे आहात म्हणून काय सांगणार? "उसाच्या पलीकडे, पाण्याजवळ"? अख्खा काठ उसाच्या पलीकडे पाण्याजवळच आहे. हायवेला निदान किलोमीटरचे दगड असतात. इतक्या मोठ्या काठावर मला एकाही वाटेला नाव किंवा नंबर लिहिलेला दिसला नाही.

याच विषयावर शोधता शोधता कॅलिफोर्नियातल्या मालिबूची गंमत सापडली. तिथे कायदा असा की भरतीच्या सरासरी रेषेखालची वाळू सगळ्या जनतेची. (म्हणजे त्यांचीही हद्द पाण्याबरोबर हलते, आपल्या गाळपेरीसारखी.) 1976 च्या किनारा कायद्याने लोकांना पाण्यापर्यंत वाट मिळावी अशीही सोय केली. पण किनाऱ्याला चिकटून श्रीमंतांची घरं. मग काहींनी काय करावं? खोट्या 'नो पार्किंग' पाट्या लावल्या, भिंतीवर गॅरेजची खोटी दारं बसवली, जेणेकरून समोर कुणी गाडी लावू नये. एका बड्या चित्रपट-संगीत निर्मात्याने 1983 साली घराच्या परवानगीच्या बदल्यात कबूल केलेली वाट 2005 मध्ये उघडली. बावीस वर्षं! शेवटी 2013 साली लोकांनी एक मोबाईल अॅप काढलं, कुठल्या दोन घरांच्या मधून जायचं, कुठली पाटी खोटी आहे ते सांगणारं. आणि सरकारी खूण म्हणाल तर अगदी साधी, लाटांवर उमटलेलं अनवाणी पाऊल. एवढं चित्र दिसलं की माणसाने बिनधास्त आत शिरायचं.

मला यातलं अॅप आवडायला हवं, पोटापाण्याचा धंदा तोच आहे. पण खरं सांगायचं तर ते पाऊल जास्त आवडलं. अॅपला फोन लागतो, रेंज लागते, आणि मुख्य म्हणजे ते बघणारा एकटाच बघतो. रस्त्यावरची खूण सगळ्यांच्या समोर असते. कुंपण घालणाऱ्याच्याही. खूण असलेली वाट बंद करायची तर आधी खूण पुसावी लागते, आणि ती पुसताना गाव बघतं.

मग खूण कसली असावी? इथे मला थोडी भांडायची इच्छा आहे. कारण "पर्यटनविकास" म्हटलं की आपल्याकडे काय होतं ते ठरलेलं. गावाच्या नावाआधी लाल बदाम असलेली इंग्रजी अक्षरं, सिमेंटचा पक्षी, त्याला दोन वर्षांत गेलेला रंग, आणि बाजूला फ्लेक्स. फ्लेक्सवर पक्षी अंगठ्याएवढा आणि शुभेच्छुकांचे चेहरे परातीएवढे. बारामती-इंदापूर पट्ट्यात वाढलेल्या माणसाला फ्लेक्सबद्दल सांगायला नको, आमच्याकडे ऋतू फ्लेक्सवरून कळतात. :-)

उलट चांगली खूण कशी काम करते तेही आमच्याकडेच बघायला मिळतं. बारामतीत पत्ता विचारा, अर्धे पत्ते तीन हत्ती चौकापासून सुरू होतात. ते हत्ती शिल्प म्हणून थोर आहेत का, माहीत नाही. पण त्यांच्यावाचून शहर हरवेल. रस्त्याच्या कडेच्या झाडांना गेरू आणि चुन्याचे पट्टे असतात ते घ्या. रात्री हेडलाईट पडला की वळण कुठे आहे ते झाडं सांगतात. त्याला कुणी कला म्हणत नाही, पण लहानपणी एसटीच्या खिडकीतून ते लाल-पांढरे बुंधे मागे पळताना पाहिले नाहीत असा माणूस विरळा.

आणि सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे वारी. तुकोबांची पालखी बारामतीवरून काटेवाडी, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर अशी जात सराटीला येते. काटेवाडीला परीट समाज धोतरांच्या पायघड्या घालतो, मेंढ्यांचं रिंगण होतं. गावोगावी बाया पहाटे उठून रस्त्याला रांगोळी काढतात. आणि सराटीला नीरेच्या पाण्यात पादुकांना स्नान घालतात, मग नदी ओलांडून पालखी अकलूजकडे. आता याकडे भक्ती बाजूला ठेवून माझ्या नजरेने बघा. अख्ख्या तालुक्याने मिळून पाण्याकडे जाणारी एक वाट रंगवलेली असते! कुणी टेंडर काढत नाही, कुणी कलाकाराचं नाव लिहीत नाही. पावसाने आणि पावलांनी एका दिवसात पुसली जाते, आणि पुढच्या आषाढात पुन्हा तशीच. दरवर्षी पुन्हा काढली जाते म्हणून तर टिकते.

उजनीच्या काठाला मला हेच हवंय, फक्त जरा जास्त टिकाऊ. जिथे जिथे गाववहिवाटीची वाट डांबरी सोडून पाण्याकडे उतरते तिथे एक खूण. कसली, ते गावाने ठरवावं. मला विचाराल तर जुन्या होड्या. भोई मंडळींच्या पत्र्याच्या होड्या गंजून निकामी होतात आणि भंगारात जातात. अशी एक होडी वाटेच्या तोंडाशी उभी पुरायची, टोक वर करून. पुरुषभर उंचीची पाटी तयार, लांबून ओळखू येणारी. वर त्या गावच्या पोरांनी आणि गावच्या पेंटरने काय हवं ते रंगवावं. (फ्लेक्स आल्यापासून ब्रशने अक्षर काढणारे पेंटर घरी बसलेत, तालुक्यात अजून आहेत ते.) कुणी रोहित काढेल, कुणी भादलवाडीच्या तलावावरचा चित्रबलाक, कुणी पळसनाथाचं शिखर. पण तीन गोष्टी सक्तीच्या. वाटेचा नंबर, पलीकडच्या गावाचं नाव, आणि पाण्याखाली काय आहे ते.

तिसरी गोष्ट महत्त्वाची. त्या पाण्याखाली गावं आहेत. वाडे, विहिरी, बांध, बाभळी. विहिरी तर अजून तशाच आहेत, पाणी गुडघाभर वाटतं आणि पुढच्या पावलाला काहीच नाही. जुनी माणसं आहेत तोवर कोण कुठे होतं ते सांगू शकतात. आणखी पंधरा वर्षांनी ते सांगणारं कुणी नसेल. होडीच्या पाठीवर एक साधा नकाशा रंगवला, इथे चावडी, इथे पाटलाची विहीर, इथे घाट, तर तो इतिहासही झाला आणि धोक्याची सूचनाही.

आणि त्या होडीपासून खाली उतरत धोंडे. कोणकोणत्या वर्षी पाणी कुठपर्यंत उतरलं त्या जागेवर एकेक, वर्षाचा आकडा घातलेला. 2024 चा धोंडा सगळ्यात खाली असेल, तो बहुतेक वर्षं पाण्यातच राहील. युरोपात एल्बे नदीत असा प्रकार आहे. चेक प्रजासत्ताकात देचीन गावापाशी एक खडक फक्त दुष्काळात उघडा पडतो आणि त्यावर लोकांनी शतकानुशतकं दुष्काळाची वर्षं कोरून ठेवलीत, अगदी 1616 पर्यंत मागे. आपल्याकडे उणे साठ टक्क्यांची बातमी पाऊस पडला की रद्दीत जाते.

त्या रात्री मित्र पुण्याला गेले आणि मी आजोळी थांबलो. जेवताना हे सगळं जोशात मामांना सांगितलं. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "झालं बोलून? आता मी इचारतो. वाट दावली की कोन येनार?"

"लोक येतील मामा. होडीवाल्यांना धंदा मिळेल."

"लोक येत्याल. बाटल्या येत्याल. ते वरनं उडवायचं आसतंय ते यील, सगळी पाखरं उठवाया. आन् वाळूवाल्यान्ला तर लय बरं, रातच्याला वाट हुडकाया नको. आरं, धोंडा बारका हाय म्हनून वाट वाचलीय."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही पूर्ण नाही. वाळूउपसा हा या काठाचा जुना रोग आहे, आणि शनिवारी जत्रा नको म्हणून कुंभारगाव टाळून दुसरीकडे घुसणारा मीच होतो. न दाखवलेली वाट ही पण एक राखण असते, हे मला मान्य करावं लागलं. म्हणून माझ्या प्लॅनमध्ये दुरुस्ती: सगळ्या वाटांना खुणा नकोत. जिथे पाण्यातल्या उंचवट्यांवर सुरय अंडी घालतात, जिथे थव्यांची रात्रीची बसायची जागा आहे, तिथे काहीही रंगवू नये, जे माहीत आहे ते गावातच राहू द्यावं. खूण करायची ती होडी जिथून सुटते त्या वाटेला, गुरं जिथे पाण्यावर नेतात त्या वाटेला आणि जिथे कुंपण पडायची शंका आहे त्या वाटेला. कुठली कुठे बसते ते ग्रामसभा ठरवेल, पुण्याहून आलेला भाचा नाही.

पण मामांच्या बोलण्याचा अर्धा भाग मला पटलेला नाही, आणि तो मी त्यांनाही सांगितला. बारका धोंडा वाट बाहेरच्यांपासून लपवतो, पण कुंपणवाल्याला अडवत नाही. दोन वाटा बंद झाल्या त्या कुणाला कळल्या? ज्याच्या नावावर कागद आहे तो म्हणतो इथे वाट नव्हतीच. वाट होती याला पुरावा काय, तर चार म्हातारे आणि एक चुन्याचा ठिपका. वाळूवाल्याला वाट आधीच माहीत असते हो मामा, त्याला पाटी लागत नाही. पाटी नाही म्हणून हरवतो तो उंब्रजहून का कुठून होडी पकडायला आलेला पाहुणा.

आणि एक गोष्ट आपल्यासाठी, म्हणजे जे पुण्यात बसून हे वाचतायत त्यांच्यासाठी. आपली पवना मुळेत जाते, मुळा मुठेला मिळते, मुळा-मुठा पुढे भीमेला आणि भीमा उजनीत. आपण सकाळी बेसिनमध्ये जे ओततो त्याला उजनीचा काठ शोधावा लागत नाही, ते न चुकता पोचतं. काठावरची पोरं पाण्यात उतरली की अंग खाजतं म्हणतात. तेव्हा पाण्याकडे जायच्या वाटेवर आपलाही काही संबंध आहे, नुसता फोटोपुरता नाही. त्या होड्यांपैकी एखादीवर कुणी मुठेचा उगम ते उजनी असा नदीचा नकाशा रंगवला आणि त्यावर आयटी पार्कचा ठिपका टाकला तर मला राग येणार नाही.

बारामतीत कऱ्हेच्या काठाला, बाबूजी नाईकांच्या वाड्याच्या बाजूला, बरंच सुशोभीकरण झालंय. शहराला काठ मिळतो. चांगलंच आहे, मीही तिथे फिरतो. पण कऱ्हेला वर्षातले कित्येक महिने पाणी बेताचंच, आणि इकडे जिथे क्षितिजापर्यंत पाणी आहे तिथे घाटाची एक पायरी नाही, हे जरा विचित्र वाटतं एवढंच.

आज्जी हे सगळं कॉटवर पडून ऐकत होती. मला वाटलं झोपली. मध्येच म्हणाली, "अकरावी पायरी काडशील का रं त्या चित्रात?"

"फुटलेली?"

"मंग. न्हायतर कळनार कसं आपला घाट हाय त्ये."

रविवारी सकाळी मामा स्वतःच मला त्यांच्या वाटेवर घेऊन गेले. खाली पाण्याजवळ त्यांच्या दोस्ताची एक जुनी होडी पालथी पडलीय, बुडाला हातभर भोक. मामा काही बोलले नाहीत, फक्त पायाने पत्रा वाजवून बघितला. निघताना गाडीच्या काचेशी येऊन म्हणाले, पुढच्या खेपेला येताना पांढरा ऑइलपेंट आण, चार लिटर. गेरू हितं मिळतोय.